त्रिंबकरावांच्या एकाहत्तर झांजजोड्यांची हकीकत

श्री. आधी गजाननास, मग वीणाधारी नारदमुनींस, मग ज्यांनी उभ्या जन्मांत आम्हां पामरांस हसवीत रडवीत भवनदीचा उतार दाखविला त्या समस्त हरिदासांस साष्टांग घालून, जैसे देखिले आणि ऐकिले तैसे लिहिले आहे. अधिक उणे श्रोत्यांनी पदरांत घ्यावे.

शके १९४५, शोभननाम संवत्सर. ते समयीं एक राज्य होते. त्याचे नांव लिहिण्याची चाल नाही. त्या राज्यास तट नाही, खंदक नाही, फौज नाही, माणसे दोनच आणि दोघेही राजे. थोरले राजे त्रिंबकराव उकिडवे, टपालांतून निवृत्त. धाकटे राजे आबाजीपंत करंबेळकर, जमिनीची मोजणी करून निवृत्त. दोघांस छंद एकच, हरिदासांच्या हातच्या जुन्या झांजा जमविण्याचा. कांशाच्या दोन चकत्या आणि मध्ये दोरी, इतकेच ते रत्न. परंतु दोन्ही चकत्यांचा नाद एकमेकांत मिळाला तरच ती जोडी, नाही तर डब्याची झांकणे, हा त्या राज्याचा एकच कायदा. मग अमुक गांवीं कोणी वृद्ध बुवा कथा सोडून घरीं बसले ऐसे कानीं यावे, आणि दोघांनी स्वारीस निघावे, आणि एकाने एस.टी.ची खिडकी धरावी आणि दुसऱ्याने पोळीभाजीचा डबा, आणि त्या घरीं जाऊन आधी बुवांचे पायीं डोके ठेवावे, मग त्यांजकडून एक कथा ऐकावी, मग झांजेची गोष्ट काढावी, आणि बुवांनी संतोषाने दिली तर ज्याचा हात आधी पोंचेल त्याची. यावरून परतीचे वाटेवर रोज लढाई. त्रिंबकरावांनी म्हणावे, "आबा, तू नमस्कार आखूड करतोस, म्हणून तुझा हात आधी पोचतो." आणि आबाजीपंतांनी म्हणावे, "आणि महाराज, तुमचा नमस्कार म्हणजे वामकुक्षी. बुवांना उठवावं लागतं." ऐशा स्वाऱ्या चाळीस वर्षे चालिल्या, आणि थोरल्यांपाशी एकाहत्तर जोड्या जाहल्या आणि धाकट्यांपाशी अडतीस, आणि या तेहतिसांच्या अंतराबद्दल आबाजीपंतांस रोज अर्धा घांस कमी जाई. त्रिंबकरावांनी प्रत्येक जोडीस निराळ्या रंगाची दोरी आणि निराळी गांठ घातली होती, आणि तीच त्यांची वही. कागदावर अक्षर नाही. आणि नित्य प्रातःकाळीं स्नान करून एक जोडी देवापुढे वाजवावी, दुसरे दिवशीं दुसरी, ऐसा त्यांचा नेम. म्हणत, "न वाजलेली झांज आणि न घेतलेलं नाम, दोन्ही काळीच पडायची."

त्याउपरी कार्तिकमासीं त्रिंबकराव अंथरुणास खिळले आणि आबाजीपंत उशाशीं बसले. तेव्हां थोरले महाराज हळूच बोलिले, "आबा, माझ्यामागं जोडी फुटू देऊ नकोस. आणि काचेच्या कपाटात कोंडू नकोस. वाजत्या ठेव." आबाजीपंत म्हणाले, "तुम्हीच वाजवाल की अजून दहा वर्षं." महाराज हांसले, "खोटं बोलताना तुझे कान लाल होतात रे." आणि तिसरे दिवशीं पहाटे नामस्मरण करीत वैकुंठास गेले. मग दिवस सरले, आणि मग ऐसे ठरले की महाराजांचे कुटुंब द्वारकाबाई यांनी लेकीकडे परगांवीं रहावे आणि मार्गशीर्ष संपतां भाड्याचे घर रिकामे करून द्यावे. जांवईबापूंनी फोनवरून सल्ला दिला, "त्या झांजा मोडीत घाला. एक मोठं पातेलं येईल." हे आबाजीपंतांनी ऐकिले. शब्द दिला तो दिला. आतां महिनाभरांत एकाहत्तर जोड्यांस घर पाहणे प्राप्त.

मग आबाजीपंतांनी शेजारच्या शहरीं एका संग्रहालयास पत्र धाडिले आणि तेथील कारभारी श्रीयुत लघाटे, हातीं मोजपट्टी आणि गळां कॅमेरा, बोलणे मऊ, पाहणीस आले. इकडे द्वारकाबाईंनी मनांत आणिले की परक्या माणसापुढे यांचे धन तेलकट दिसूं नये. आणि आदले दिवशीं परातीस बसल्या, आणि जुन्या कळकट दोऱ्या कात्रीने कापिल्या, आणि चिंच आणि राख घेऊन एकेक चकती घांसिली. दुसरे दिवशीं आबाजीपंत लघाट्यांस घेऊन घरांत शिरतात तो पांढऱ्या चादरीवर एकशें बेचाळीस सूर्य सुटे उगवलेले, आणि कोपऱ्यांत लाल हिरव्या गांठींचा ढीग. आबाजीपंतांनी आधी त्या गांठींकडे पाहिले. लघाटे म्हणाले, "वा, सुंदर! पण हे काय, सगळ्या दोन-दोन?" "झांज आहे ती," आबाजीपंत म्हणाले. "ते खरं, पण आम्ही दुबार वस्तू घेत नाही. प्रत्येक मापाची एकेक ठेवू, बाकीच्या परत करू." तेव्हां आबाजीपंतांनी अंगरख्याची बाही सारिली आणि विचारिले, "साहेब, आपल्या घरी मंडळी आहेत?" "आहेत की." "मग दोघांतलं एक ठेवून दुसरं दुबार म्हणून परत केलंय का?" द्वारकाबाईंनी तोंडास पदर लाविला. लघाटेही मनाचे मोठे, हांसले, आणि म्हणाले, "नियम आहे हो. तुम्ही म्हणता ते मला पटतंय, नियमाला पटत नाही." मग चहा घेतला आणि दोन लाडू घेतले आणि कूच केले. तह फिसकटला, परंतु वैर न जाहले.

मग द्वारकाबाई त्या ढिगाकडे पाहून म्हणाल्या, "भावोजी, दोऱ्या कापून माझं काही चुकलं का हो?" आबाजीपंत म्हणाले, "नाही वहिनी. लखलखीत झाल्यात." आणि त्यांचे कान लाल जाहले.

दुसरे दिवशीं आबाजीपंत इंदिराताई वझरकरांकडे गेले. या बाई थोर हरिदासी. नऊवारी कांसोटा घालून उभ्या राहिल्या आणि नमन धरिले की मागील भिंतीस टेकलेला म्हातारा पुढे सरकून बसे. आणि गांवाबाहेर त्यांनी कीर्तन शिकविण्याची पाठशाळा घातली होती. सर्व ऐकून ताई म्हणाल्या, "घेते. एकूण एक घेते. माझ्याकडं चौदा जण शिकतात आणि झांजा तीन. शिकून बाहेर पडेल त्याच्या हातात यांतली एक जोडी जाईल, गावोगाव वाजेल. पण आबा, जोड्या लावून द्या हं. विजोड झांज वाजली की श्रोता अभंग सोडतो आणि दात धरतो. अष्टमीला टेंपो आणते. तुमच्यासारखा कान पंचक्रोशीत नाही, म्हणून निर्धास्त आहे." आबाजीपंतांनी मान हालविली आणि "लावतो" ऐसे बोलून बसले.

आतां येथें धाकट्या राजांचे गुपित सांगणे प्राप्त. दोन वर्षे जाहलीं, त्यांचे कानांतून वरचे स्वर निघून गेले होते. बुवांचे निरूपण ऐकूं येई, मृदंग ऐकूं येई, परंतु झांजेसाठीं बुवांचा हात वर जाई आणि खालीं येई आणि मध्ये नुसते वारे. झांजांच्या राजास झांज ऐकूं येत नाही, हे कोणास सांगावे? आणि सांगितल्यावर राज्य कशाचे उरले? म्हणून ते शेजाऱ्याचे मुखाकडे पाहून मान डोलवीत, आणि हे कोणास कळले नाही ऐसे मानीत. मग तीन दिवस ते त्रिंबकरावांचे ओटीवर चादर पसरून बसले. मोजणीचा माणूस, म्हणून आधी मापें घेतलीं, वजने घेतलीं, आणि एकसारख्यांचे गट केले. परंतु एकेका मापाच्या आठ-आठ, दहा-दहा, आणि त्यांत कोणाची कोण हे माप सांगेना. मग एक वाजवावी, दुसरी वाजवावी, डोळे मिटावे, देवाचे नांव घ्यावे आणि अंदाजाने दोरी बांधावी. ऐशा वीसेक बांधिल्या.

तिसरे दिवशीं आंतून हातांत उलथणे घेतलेल्या द्वारकाबाई आल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, ही नव्हे. या दोघी भांडतायत. हिची ती, तुमच्या गुडघ्यापाशी पडलीय." मग खालीं बसून त्यांनी त्या दोन उचलिल्या आणि वाजविल्या. "आता बघा कशा गोडीनं बोलतात." आबाजीपंत म्हणाले, "हं. बरोबर." मग त्यांनी आणखी दोन घेतल्या. "आणि या?" "या तर फारच उत्तम." द्वारकाबाईंनी झांज मांडीवर ठेविली आणि म्हणाल्या, "भावोजी, या मी मुद्दाम चुकीच्या लावल्या."

मग आबाजीपंतांनी पागोटे नव्हते म्हणून टोपीच काढून खालीं ठेविली आणि म्हणाले, "वहिनी, दोन वर्षं झाली. एकही येत नाही ऐकू. त्रिंबकरावांना शब्द दिला आणि त्यांच्याच झांजांची मी माती करत बसलो होतो." द्वारकाबाई म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं." "काय?" "कीर्तनाहून आले की म्हणायचे, आबाला आज सम दिसली, ऐकू आली नाही. म्हणून तर शेजारी बसून तुमच्या मांडीवर बोटानं झांज धरायचे." हे ऐकतांच आबाजीपंतांस आठवले की त्याच बोटांबद्दल आपण त्यांस भर कीर्तनांत दोनदां दटाविले होते, म्हाताऱ्यास चाळा लागला म्हणून. आणि मग राजे उपरण्यांत तोंड घालून रडले, आणि द्वारकाबाईंनी रडूं दिले, आणि आंत करपलेले थालीपीठ करपूं दिले.

मग आबाजीपंत डोळे पुसून म्हणाले, "पण वहिनी, तुम्हाला कसं कळतं? तुम्ही तर यांना भांडीबाजार म्हणायचात." "म्हणायचे. चाळीस वर्षं चहाला आधण ठेवलं की बाहेर एक वाजायची. कान काय झाकून ठेवायचे होते? मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही." "मग आता सांगा," आबाजीपंत म्हणाले, आणि बांधिलेल्या विसांच्या दोऱ्या आपले हातें सोडिल्या, आणि एक वही घेऊन लेखकाचे जागीं बसले. मग द्वारकाबाईंनी वाजवावे आणि सांगावे आणि यांनी लिहावे. "ही बोरगावच्या बुवांची. ही आणली तेव्हा पावसात भिजून आलात दोघं, आणि मी तुम्हाला बोलले होते." "बोललात कसल्या, हाकललंत." "लिहा ते पण. ही लेक कमळी झाली त्या सकाळची. ही वाजवली की यांना खोकला यायचा, का ते देवाला माहीत." ऐसे चार दिवस चालिले, आणि एकाहत्तरही जुळल्या, आणि नव्या दोऱ्या पडल्या. वहींत झांजांपेक्षां संसारच अधिक उतरला, परंतु तो वगळण्याचे लेखकास धैर्य न जाहले.

अष्टमीस ताई आल्या. आबाजीपंतांनी भर ओटीवर सर्वांदेखत सांगितले, "ताई, कान माझा नाही. कान यांचा. मला आता झांज ऐकू येत नाही." मग आपल्या अडतीस जोड्यांची पेटीही टेंपोंत चढविली आणि म्हणाले, "यांच्या दोऱ्या शाबूत आहेत. ज्याला ऐकू येतं त्याच्या हातात असाव्यात." मग सर्व पाठशाळेंत गेले, आणि ताईंनी चौदाही शिष्यांचे हातीं थोरल्या महाराजांच्या झांजा दिल्या आणि नामाचा गजर धरिला. आबाजीपंतांस ताईंचा गळा ऐकूं आला, मृदंग ऐकूं आला. आणि झांजा त्यांनी द्वारकाबाईंचे चेहऱ्यावर पाहिल्या. तेथें एकही वावगी उमटली नाही.

परतीचे वाटेवर आबाजीपंत हळूच म्हणाले, "वहिनी, टेंपोत चढवताना मी त्रिंबकरावांच्या जोड्या मोजल्या. सत्तर भरल्या." द्वारकाबाईंनी कमरेच्या पिशवीवर हात ठेविला. "एक माझ्याकडं आहे. रागावलात?" "रागावत नाही. पण त्यांचा शब्द होता, वाजती ठेवायची." "लेकीकडं गेले तरी सकाळी आधण मीच ठेवणार ना? त्याशिवाय उकळायचं नाही ते." तेव्हां आबाजीपंतांनी रस्त्याकडेच्या दगडावर बसून वही काढिली आणि शेवटली ओळ लिहिली: जोडी एकाहत्तरावी, मुक्काम लेकीचे घरीं, रोज वाजती.

तात्पर्य इतकेच. राज्य बुडाले म्हणावे तर ते चौदा हातीं नांदते आहे, आणि राजे गेले म्हणावे तर एक वैकुंठीं आणि एक नित्य कीर्तनास पहिल्या रांगेंत आहेत, मान डोलवीत नाहीत, दिसेल तें पाहतात आणि संतोषतात. हरिदासांचे पायीं मस्तक. लेखणी येथें ठेविली.