मॅनिफोल्डची पट्टी

घरात अबोला चालू होता आणि त्याचं मूळ गाडीच्या बॉनेटखाली होतं. इंजिनातला तापलेला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा नळ, म्हणजे मॅनिफोल्ड, नेमका बायकोच्या सीटपुढे होता. लग्नानंतर घेतलेली ती जुनी गाडी. इतकी वर्षं बायको तिच्यात पाय पोटाशी घेऊन बसली आणि वाटभर नवऱ्याला गाडी शिकवत आली. मागच्या रविवारी मात्र तिच्या चपलेचा तळ वितळून खालच्या रबराला चिकटला.

"आता मी त्या भट्टीत बसणार नाही," ती म्हणाली आणि तिने बोलणं बंद केलं.

शनिवारी तिच्या बहिणीकडे जायचं होतं. बसने जाणार असल्याचं तिने स्वयंपाकघराच्या भिंतीला सांगितलं. नवरा शेजारीच उभा होता. तिच्या सूचनांशिवाय एकट्याने गाडी चालवायची त्याला कल्पनाच करवेना. तो मिस्त्रीकडे गेला.

"मॅनिफोल्डला काचेच्या धाग्यांची पट्टी गुंडाळायची. धग आतच राहते," मिस्त्री म्हणाला. "आणा गाडी, मी करून देतो."

"मी घड्याळजी आहे. केसाएवढी स्प्रिंग बसवतो. पट्टी गुंडाळण्यात काय मोठंसं?"

"मग भिजवून गुंडाळा, घट्ट बसते. आणि हातमोजे घाला, नाहीतर बारीक धागे टोचून खाजवत बसाल."

घरी येऊन त्याने पट्टी बादलीत भिजवली, बादली तिथेच ठेवली आणि पट्टी घेऊन अंगणात गेला. बादलीबद्दल बायकोला सांगायला हवं होतं, पण अबोला होता. पाणी स्वच्छ दिसत होतं आणि पाणी फुकट घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने त्यात नवऱ्याचे बनियन आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आपल्या भावाचा शर्ट खळबळून काढले.

दुसऱ्या दिवशी भाऊ पाठ दाराच्या चौकटीला घासत होता. "भावजी, तुम्हालाही खाज सुटलीय?"

"मी तर हातमोजे घातले होते," नवरा पोट खाजवत म्हणाला.

"ताई, घरात ढेकूण झालेत."

ताईने सगळ्या गाद्या काढून अंगणात गाडीशेजारी उन्हात टाकल्या. तेवढ्यात मिस्त्रीचा फोन आला. "वहिनी, साहेबांना सांगा, पहिल्यांदा गाडी चालू केली की धूर येईल. घाबरू नका, येऊ द्या."

"सांगते," ती म्हणाली. फोन ठेवून तिने भिंतीला सांगितलं. नवरा तेव्हा अंगणात होता.

त्याने किल्ली फिरवली. थोड्या वेळाने बॉनेटच्या फटींतून पांढरा धूर येऊ लागला. भाऊ वरून धावत आला आणि त्याने हाताला लागलेली गादी बॉनेटवर टाकली. मग गादी पेटेल म्हणून नवऱ्याने तिच्यावर बादली ओतली. मग गादी कमी भिजली असं वाटून भावाने आणखी एक ओतली.

बायको दारात येऊन बघत राहिली. "अहो, तो धूर यायचाच होता. मिस्त्रींनी कळवलं होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं. तुम्ही नव्हता खोलीत."

नवऱ्याने हातातल्या बादलीकडे पाहिलं आणि पोट खाजवलं. "काल या बादलीतल्या पाण्यात तू कपडे बुडवलेस का? यात मी पट्टी भिजवली होती."

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"म्हणजे ढेकूण नव्हतेच?" भावाने विचारलं. नवरा-बायको ओली गादी पिळायला लागले होते.

शनिवारी ती गाडीत बसली. तिने बिचकत पाय खाली टेकवले आणि मग सरळ पसरले. पायाखाली गार होतं. नवरा कौतुकाची वाट बघत राहिला. ती काही बोलली नाही. त्याने चढावर चुकीचा गिअर टाकला, तरी काही नाही. पुढच्या गाडीच्या फार जवळ गेला, तरीही नाही. पुन्हा अबोला सुरू झाला, असं त्याला वाटलं. शेवटी त्याने समोर दिसणाऱ्या खड्ड्यात सरळ चाक घातलं.

"अहो, डोळे कुठे आहेत तुमचे?"

"तू बोलत नव्हतीस."

"झोपले होते. पहिल्यांदाच झोप लागली या गाडीत. आणि तिसऱ्यावर घ्या, किती रडवताय तिला?"

त्याने मुकाट्याने गिअर बदलला. मग ती हॉर्नबद्दल बोलली, आरशाबद्दल बोलली, त्याच्या मान वाकडी करून बसण्याबद्दल बोलली. बहिणीच्या घराचा रस्ता आला. तो सरळ पुढे गेला.

"अहो, वळण मागे राहिलं."

"राहिलं का?" म्हणत तो तसाच चालवत राहिला.