हरणाऱ्याच्या बाकावर

एका सामन्यात तीन-चार वेळा पक्ष बदलूनही तत्त्वाची पक्की राहिलेली एकच व्यक्ती मला माहीत आहे. सदाशिव पेठेतल्या माझ्या घरमालकीण, लिमये बाई.

टेनिस बघायचा बाईंचा नियम सोपा आहे. पंचांच्या उंच खुर्चीच्या एका अंगाला एक खेळाडू विसावतो, दुसऱ्या अंगाला दुसरा. जो मागे पडला असेल त्याच्या पाठीमागच्या बाकावर बाई बसतात आणि त्याच्यासाठी टाळ्या वाजवतात. तो पुढे गेला की पुढच्या विश्रांतीला बाई उठतात, उशी आणि पिशवी घेऊन सगळ्यांच्या देखत पलीकडच्या बाकावर जातात. उठताना एवढंच म्हणतात, "याला आता आपली गरज नाही."

बाई मुलींच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. क्रीडादिनाला पहिली आलेली मुलगी पेढा खात असायची, तरी बाई पालकांना खुर्चीवरून उठू द्यायच्या नाहीत. "शेवटची मुलगी अजून पळतेय. टाळ्या वाजवा. तुमचीही असू शकते." शाळा सुटली, हा नियम सुटला नाही.

मंडईतही तेच. ज्या भाजीवाल्यापुढे गिऱ्हाईक नाही त्याच्याकडेच बाई जातात. त्यामुळे आमच्या घरी सलग आठवडाभर नवलकोल होऊ शकतो. मी कुरकुरले की म्हणतात, "खा मुकाट्यानं. एवढा ढीग पडून होता बिचाऱ्याचा."

मी वर्ध्याची. आमच्याकडे मुलं बाराखडी पाटीवर शिकतात, मी बाबांच्या संघटनेच्या पत्रकांवर शिकले. त्यामुळे बाईंमध्ये मला एक जन्मजात क्रांतिकारक दिसला. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराला बाईंनी मत दिलं, तेव्हा तर मला भरून आलं.

"बाई, तुम्हाला आमची भूमिका पटली!"

"भूमिका कसली? त्याचं डिपॉझिट जाणार हे शेंबडं पोरही सांगत होतं."

"पण आमचं पत्रक वाचलंत ना?"

"वाचलं. फार उद्गारचिन्हं आहेत. कोणी अंगावर ओरडत आल्यासारखं वाटतं."

बालेवाडीला पुरुषांची मोठी स्पर्धा असते तेव्हा बाई मुख्य सामन्यांकडे फिरकत नाहीत. तिथे दिवे, पाहुणे, सेल्फी. त्या जातात त्याच्या आधीच्या पात्रता फेरीला, कडेच्या कोर्टवर. तिथे नाव नसलेली पोरं मुख्य स्पर्धेत शिरायला धडपडत असतात. जिंकला तो आत, हरला तो बॅग भरून विमानतळावर. बघायला चार माणसं. त्यातला एखादा सावलीसाठी आलेला असतो.

यंदा मीही बरोबर गेले. एकेरीचा पात्रतेचा शेवटचा सामना होता. एका बाजूला उंच, गोरा खेळाडू. त्याच्यामागे प्रशिक्षक, मालीशवाला आणि बहुधा वडील. दुसऱ्या बाजूला निळ्या टोपीचा, लहान चणीचा मुलगा. कुठल्या देशाचा, कोण जाणे. त्याच्यामागे कोणीच नाही. पहिला सेट तो धडाधड हरला. म्हणजे त्याच्यामागे आम्ही.

"पाय हलव रे बाळा, पाय!" बाई ओरडल्या.

पंच माइकवर म्हणाले, "क्वायट प्लीज."

बाईंनी समाधानानं मान डोलावली. "बरोबर आहे. ती पलीकडची माणसं फार बोलतात."

दुसऱ्या सेटमध्ये एक गोष्ट माझ्या लक्षात आली. टेनिसपटू प्रत्येक गुणानंतर आपल्या प्रशिक्षकाकडे बघतात. या मुलाला प्रशिक्षक नव्हता. चेंडू चांगला बसला की तो आमच्या बाकाकडे बघायचा. बाई टाळ्या वाजवायच्या. चेंडू जाळ्यात गेला तरी बघायचा. बाई तेव्हाही वाजवायच्या. तो सेट त्यानं घेतला.

तिसऱ्या, निकालाच्या सेटमध्ये तो तीन-दोन असा पुढे गेला. विश्रांती झाली. बाईंनी उशी उचलली.

"बाई, आज नको ना. त्याला कोणी नाहीये."

"पुढे आहे की तो," असं म्हणून बाई चालू लागल्या. पलीकडच्या ताफ्यानं त्यांना निमूट जागा करून दिली.

पुढचा गुण मुलानं जिंकला आणि सवयीनं मागे बघितलं. बाकावर फक्त मी. मी मूठ उंचावली, मोर्चात उंचावतात तशी. त्याची नजर माझ्यावरून सरकून रिकाम्या जागेवर थांबली. मग त्याचा खेळ बिघडला. बघता बघता तो तीन-चार असा मागे पडला. पुढच्या विश्रांतीला बाई परत आल्या, उशी ठेवली, बसल्या. जणू भाजी आणायला गेल्या होत्या.

"तुमच्यामुळे हरतोय तो!" मी चिडून म्हणाले.

"माझ्यामुळे? मी काय रॅकेट धरलीय?"

मुलानं बाईंना पाहिलं, टोपी नीट केली आणि पुढचे दोन्ही गेम घेतले. पाच-चार. आता एकच हवा होता. पुन्हा विश्रांती.

बाई उठल्या. नियमच होता. पिशवी खांद्याला, उशी काखेत. पलीकडचा मालीशवाला तर सरकूनही बसला. खुर्चीतल्या मुलानं मान वळवली आणि उभ्या राहिलेल्या बाईंकडे नुसतं पाहिलं. तक्रार नव्हती त्यात. इतर ठिकाणीही लोक उठून जाताना त्यानं पाहिले असणार.

बाईंनी उशी झटकली. पुन्हा झटकली. मग ती होती तिथेच ठेवली आणि बसल्या.

"बाई, तो पुढे आहे," मी हळूच म्हणाले.

"दिसतंय मला."

"मग नियम?"

"गप्प बस गं. खेळ सुरू होतोय."

तो जिंकला. हस्तांदोलन झाल्यावर तो आमच्या बाजूच्या कुंपणापाशी आला, टोपी काढली आणि छातीवर हात ठेवून बाईंपुढे किंचित वाकला. बाई टाळ्या वाजवायच्याच विसरल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही त्या बाहेर बघत नव्हत्या. तत्त्व मोडल्याबद्दल त्यांना छेडायला माझ्याकडे एक अख्खं पत्रक तयार होतं. तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तो माझ्याकडेच बघत होता का गं?"

"पहिल्यापासून. तुम्हाला कळलं नाही?"

"शेवटी कळलं." त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "आधी मी दोनदा मागे वळून पाहिलं. म्हटलं, मागे कोणी बसलंय का. मागे नुसती भिंत होती."