येऊ द्या, येऊ द्या

वकीलकाकांनी आयुष्यात एकदाच गाडी दोन पट्ट्यांच्या मधोमध, अगदी सरळ लावली, आणि नेमका त्याच दिवशी त्यांच्यावर अपघाताचा दावा दाखल झाला.

त्या दिवशी ते एका चर्चासभेला निघाले होते. किरकोळ अपघातांचे दावे कोर्टात न नेता संगणकावर, मध्यस्थासमोर, एकाच बैठकीत मिटवावेत, आणि कोणत्या दुखापतीला किती भरपाई ते विमा कंपनीने ठरलेल्या तक्त्यावरून द्यावं, अशी नवी पद्धत आली होती. काका तिच्याविरुद्ध बोलणार होते. माणसाचं दुखणं तक्त्यात बसवायचं म्हटलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चाळीस वर्षांच्या खटल्यांच्या फायली त्यांनी मागच्या सीटवर अशा रचल्या होत्या की मागची काच पार झाकून गेली होती. बाजूने बोलणार होत्या तो तक्ता आणि त्यामागचा जाडजूड अहवाल तयार करणाऱ्या बाई. वकीलमंडळी त्यांना, त्या समोर नसताना, अहवालबाई म्हणत.

काकांच्या डोक्यात मात्र सभेपेक्षा लेकीची ताकीद घोळत होती. महिन्याभरात त्यांनी आधी फाटकाचा खांब वाकवला होता, मग शेजाऱ्यांची कुंडी फोडली होती. "बाबा, तिसऱ्यांदा काही झालं तर किल्ली माझ्याकडे," असं लेकीने सांगून टाकलं होतं. गाडी गेली की यापुढे लेकीच्या सवडीने जगायचं, या विचाराने त्यांना झोप लागत नव्हती. म्हणून सभागृहाच्या आवारात त्यांनी काकूंना उतरवलं आणि मुंगीच्या पावलाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात मागून बाईमाणसाचा आवाज आला, "येऊ द्या, येऊ द्या. थोडं डावीकडे. येऊ द्या." काकू मागे उभ्या राहिलेल्या बघून काकांना धीर आला; म्हणजे बघून नव्हे, ऐकून. ते आज्ञाधारकपणे येत राहिले, ते थेट "आई गं" ऐकू येईपर्यंत.

अहवालबाई जमिनीवर बसल्या होत्या. लागलं फारसं नव्हतं, पण मान चांगलीच लचकली होती. माणसं धावली, त्यात काकूही घाबऱ्याघुबऱ्या पळत आल्या. काकांनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं आणि तिथल्या तिथे ठरवलं की त्या आवाजाबद्दल ब्र काढायचा नाही. बायकोचं नाव अपघाताच्या कागदावर येता कामा नये. घरी काकू त्या विषयावर चकार शब्द बोलेनात, तेव्हा बिचारी मनातल्या मनात कुढते आहे, अशी त्यांची खात्रीच पटली.

सभा बारगळली आणि दावा, काकांचं नशीब बघा, त्याच नव्या पद्धतीत आला. ठरल्या दिवशी ते घरात संगणकासमोर कोट घालून बसले. एका बाजूला काकू, दुसऱ्या बाजूला लेक, आणि मधे टेबलावर गाडीची किल्ली; चूक कुणाची ते ठरेपर्यंत थांबायचं लेकीने कबूल केलं होतं. पडद्यावर एका चौकटीत मानेला पट्टा बांधलेल्या अहवालबाई, दुसरीत विमा कंपनीचा एक गप्प माणूस, आणि तिसरीत मध्यस्थ. ही मध्यस्थ म्हणजे काकांच्या लेकीच्या वयाची मुलगी, पण हिच्यासारखं ऐकून घेणारं माणूस आम्ही तरी दुसरं पाहिलं नाही. काकांनी आधी तिच्या अधिकारावर हरकत घेतली, मग पद्धतीवर, मग संगणकाच्या आवाजावर. प्रत्येक वेळी ती "नोंदवलं, काका" म्हणे आणि खरोखर लिहून घेई. अकराव्या हरकतीनंतर काकांचा भाता रिकामा झाला.

मग तिने अहवालबाईंना मान कशी आहे ते विचारलं. डावीकडे वळतच नाही, कूस बदलता येत नाही, असं त्या सांगू लागल्या. तक्त्यात हे 'किरकोळ, तीन आठवडे' या ओळीत येतं, असं कंपनीचा माणूस पहिल्यांदाच बोलला. ती ओळ कुणी लिहिली, असं अहवालबाई तावातावाने विचारणार होत्या, पण त्यांना वेळेवर आठवलं.

"काका," मध्यस्थ म्हणाली, "मागे बघितलं होतं का?"

असल्या प्रश्नाला सरळ उत्तर देऊ नका, हे काकांनी आजवर शेकडो अशिलांना पढवलं होतं. त्यांनी एकदा किल्लीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. "नाही. चूक सर्वस्वी माझी."

लेकीने मुकाट्याने किल्ली उचलली. खरं तर प्रकरण इथेच मिटायचं, पण त्या मुलीने आवारातला फोटो समोर धरला. "गाडी इतकी सरळ आहे की न बघता अशी लागणार नाही. तुम्हाला मागून कुणी सांगत होतं का?"

"हा प्रश्न गैरलागू आहे," काका कडाडले.

"नोंदवलं, काका," मुलगी म्हणाली. फोटो मात्र तिने तसाच समोर धरून ठेवला.

"मी सांगत होते," अहवालबाई शेवटी म्हणाल्या. त्यांनी डावीकडची जागा मोजली होती, उजवीकडचीही मोजली होती. मधे आपण स्वतः उभ्या आहोत, एवढंच मोजायचं राहून गेलं होतं. अपघात कसे टाळावेत यावर अहवालात आपलं पन्नास पानांचं प्रकरण आहे, म्हणून सांगायची लाज वाटली, असंही त्यांनी कबूल केलं.

काका काकूंकडे वळले. "म्हणजे ती तू नव्हतीस?"

"मी कशाला? मी आत तुमच्यासाठी खुर्ची धरून बसले होते."

चूक निम्मी निम्मी ठरली, अहवालबाईंनी माफी मागितली, काकांनी दुप्पट मागितली आणि अर्ध्या तासात सगळं संपलं. खटला वर्षानुवर्षं चालवायची सवय असलेल्या काकांनी त्या मुलीला मनापासून नमस्कार केला. लेकीने किल्ली गुपचूप परत ठेवली. काकू मात्र नवऱ्याकडे बघतच राहिल्या होत्या. "माझं नाव येऊ नये म्हणून किल्ली घालवायला निघाला होतात?" त्यांचे डोळे भरून आले होते, आणि काकांना इतकं बरं गेल्या कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

काकूंनी पदराने डोळे टिपले. मग पदर कमरेला खोचला.

"चाळीस वर्षं मी मागे उभी राहून ओरडतेय," त्या म्हणाल्या, "एकदाही ऐकलं नाहीत. आणि ऐकलंत ते नेमकं दुसऱ्या बाईचं."