भाव पाडणाऱ्याची मोटारसायकल

काकूंना पुढची खोली सोमवारच्या आत रिकामी हवी होती, आणि पुढच्या खोलीत मोटारसायकल होती.

मोटारसायकल काकांची. एकेकाळी ती त्यांना कारखान्यात नेत असे. मग एके दिवशी तिनं न्यायचं सोडलं, आणि तेव्हापासून ती खिडकीखाली चादर पांघरून उभी होती. तिला वळसा घालून जायची दोघांना इतकी सवय झाली होती की दुसऱ्यांच्या घरी गेल्यावरसुद्धा दारातून आत शिरताना ते डावीकडे अंग चोरत.

काकू शिवणकाम करत, ते स्वयंपाकघरात जेवणाच्या टेबलावर. जेवायची वेळ झाली की मशीन खाली, जेवणं झाली की मशीन वर. अशी उमेदीची सगळी वर्षं ताटवाट्यांच्या मधून काढल्यावर आता कुठे नर्सिंग कॉलेजच्या बाईंनी सगळ्या मुलींचे एप्रन काकूंकडे द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच. सोमवारी कापडाचे तागे घेऊन येऊ तेव्हा कापड बेतायला ऐसपैस टेबल आणि तागे ठेवायला जागा दिसली पाहिजे, नाहीतर काम दुसरीकडे जाईल.

"एवढं काम मला पुन्हा कोणी देणार नाही," काकू म्हणाल्या. "मला ते हवंय. भंगारवाल्याला सांगितलंय, उद्या येऊन गाडी घेऊन जाईल."

"भंगारात?" काका चहाचा कप खाली ठेवून म्हणाले. "अगं, नीट करून विकली तर चांगला फायदा होईल. जुन्या गाड्यांना हल्ली शौकीन लोक वाटेल ते देतात."

"मग करा नीट."

"असं एकदम कसं? आधी ठरवायला नको का, की नीट करणं परवडतं की नाही?"

आता इथे काकांविषयी थोडं सांगावं लागेल. काका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. नटबोल्टांपासून बॉयलरपर्यंत, समोरच्यानं भाव सांगायचा आणि काकांनी तो खाली आणायचा, यातच त्यांची सगळी नोकरी सरली. कुठल्याही वस्तूतला दोष त्यांना आधी दिसे, वस्तू मागाहून. नात्यात कुणाला कपाट घ्यायचं असो की नुसती चप्पल, काकांना बरोबर नेलं जाई, आणि दुकानदार त्यांना लांबून पाहून मधल्या सुट्टीला जात. विकण्याचा मात्र त्यांना गंध नव्हता. घरची रद्दीसुद्धा काकूच घालत.

तर भंगारवाल्याला थांबवलं आणि गॅरेजवाल्याला बोलावलं. त्यानं चादर काढली, मोटारसायकलीभोवती एक फेरी मारली आणि अंत्यदर्शन घेतल्यासारखा हात बांधून उभा राहिला.

"होईल," तो म्हणाला. "इंजिन पूर्ण उघडावं लागेल. टाकीला भोकं पडलीत. वायरिंग उंदरांनी खाल्लंय." मग त्यानं खर्च सांगितला.

काकांनी सवयीनं तो निम्म्यावर आणला.

"एवढ्या पैशांत चादर धुऊन देतो," गॅरेजवाला म्हणाला. मात्र जाता जाता त्यानं एक बातमी दिली. याच बनावटीची, अगदी नव्यासारखी केलेली गाडी एक दातांचे डॉक्टर विकत होते.

काकांना एकदम वाट दिसली. नीट केलेली गाडी कितीला जाते हे कळलं की खर्च करायचा की नाही ते ठरवता येईल, यात चूक काय होती? काहीच नव्हती. "नुसता भाव विचारून येतो," ते म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणून जातो, म्हणजे खरं सांगतील."

"नुसता विचारूनच या," काकू म्हणाल्या.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी काकांना हल्लीच बंद केलेल्या दवाखान्यामागच्या शेडमध्ये नेलं. गाडी खरोखर देखणी होती. डॉक्टरांचे कित्येक वर्षांचे रविवार तिच्यात गेले होते, आणि डॉक्टरीणबाईंना ती आता शेडमध्ये नको होती. म्हणून डॉक्टरांनी ती विकायला काढली होती, आणि कुणी घेऊ नये म्हणून किंमत अशी लावली होती की ऐकणाऱ्यानं तिथूनच परत फिरावं. ती किंमत त्यांनी काकांना सांगितली.

काकांचं काम इथे झालं होतं. आभार मानून पाय काढता घ्यायचा. पण आयुष्यात एवढा मोठा आकडा कुणी त्यांच्या तोंडावर सांगितला नव्हता, आणि तो तसाच उभा ठेवून निघून जाणं त्यांच्या जिवावर आलं.

"रंग कंपनीचा नाही," काका म्हणाले.

"कंपनीचाच आहे. डबा ठेवलाय मी जपून."

"डबा असेल. उन्हात आणा जरा. टाकी एका रंगाची आणि मडगार्ड दुसऱ्या."

डॉक्टरांनी गाडी उन्हात आणली. बराच वेळ पाहिलं. अशी गोष्ट एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही.

"थोडं कमी करीन," ते म्हणाले.

"आरशाची दांडी वाकलीय."

"ती तशीच असते."

"माझ्याकडे आहे ना ही गाडी. तिची सरळ आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. काकांच्या अंगात मात्र वारं शिरलं होतं. सीटची शिवण, साखळीचा आवाज, दिव्याची काच, एकेक करून सगळं झालं. शेवटी डॉक्टर पडक्या आवाजात म्हणाले, "तुम्हीच सांगा, किती द्याल?"

आता सुटायचं असेल तर असा भाव सांगावा की डॉक्टरांनीच हाकलून द्यावं, असा विचार करून काकांनी एक लाजिरवाणा आकडा सांगितला.

"घेऊन जा," डॉक्टर म्हणाले. "मला आता ती बघवत नाही."

काकांना गाडी नकोच होती. पण भाव सांगून मागे फिरणारा माणूस खरेदी विभागात टिकत नाही. पैसे तिथल्या तिथे फोनवरून गेले, आणि दुपारी काका मोटारसायकलवर बसून घरी आले.

काकू दारात उभ्या होत्या. "भाव विचारायला गेला होतात ना?"

"विचारला."

"मग?"

"फारच चांगला मिळाला."

नवी मोटारसायकल जुनीच्या शेजारी लागली. आता पुढच्या खोलीतून जायचं तर आडवं होऊन जावं लागे. काकूंनी आरडाओरडा केला नाही. त्या दोन गाड्यांच्या मधे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला रडू येतंय, पण बसून रडायलासुद्धा या घरात जागा नाही."

हे ऐकून काकांना फार वाईट वाटलं. खरंच वाटलं. "ही तर तयार गाडी आहे," ते म्हणाले. "हातोहात विकतो. फायद्यात. मग जुनी भंगारात गेली तरी हरकत नाही."

"परवा सोमवार आहे," काकू म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

रविवारी सकाळी दारात डॉक्टरीणबाई. डॉक्टरांकडून पत्ता घेऊन त्या थेट आल्या होत्या. काकांनी त्यांना दोन मोटारसायकलींच्या मधे स्टुलावर बसवलं.

"आमची गाडी परत द्या," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, शेड मोकळी होईल. शेड झाली मोकळी, पण डॉक्टर आता स्वयंपाकघरात बसतात. काल माझे सगळे डबे उंचीनं लावले. कुकरच्या शिट्ट्या मोजून मला हाका मारतात. मी वेडी होईन. तुम्ही दिलेत त्याच्या दुप्पट देते."

दुप्पट. ज्या फायद्यासाठी एवढा खटाटोप चालला होता, तो स्वतःच्या पायांनी घरात येऊन स्टुलावर बसला होता. आत काकूंचं मशीन थांबलं.

"दुप्पट कशाबद्दल?" काका म्हणाले. "अहो बाई, असले पैसे कुणी द्यायचे नसतात. आरशाची दांडी बघितलीत का?"

"मग दीडपट देते."

"दीडपट? टाकीचा रंग बघा आणि मडगार्डचा बघा."

"नाही हो जुळत," बाई वाकून बघत म्हणाल्या.

"तेच सांगतोय."

काका थांबले तेव्हा भाव त्यांनी दिलेल्या पैशांच्याही खाली आला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर चांगला सौदा झाल्याचं समाधान होतं. तेवढ्यात काकू बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलंच नाही.

"ताई, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या," त्या म्हणाल्या. "पण दोन्ही गाड्या न्या, आणि आजच्या आज न्या."

"दुसरी कशाला? ती तर मोडकी आहे."

"म्हणून तर. चांगली गाडी माणूस किती दिवस पुसणार? मोडकी असली की डॉक्टर तुमच्या डब्यांकडे फिरकायचे नाहीत."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. त्यांना ते पटलेलं दिसत होतं. "पण त्यांची पाठ धरते. उचलाउचल एकट्याला जमायची नाही."

"हे येतील," काकू म्हणाल्या.

"रोज?"

"रोज सकाळी पाठवते. संध्याकाळी परत पाठवायची घाई नाही."

"जेवणाचं?"

"डबा देईन. चहाचं तेवढं तुमच्याकडे."

"स्वभावाला कसे आहेत?"

"चुका काढतात. हाताला काम असलं की जरा कमी काढतात."

"एक वेळचा चहा देईन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"चालेल," काकू म्हणाल्या.

काका स्टुलाशेजारी येऊन उभे राहिले. एवढ्या पटकन ठरलेला सौदा त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. "थांब गं जरा," ते म्हणाले. "एका चहावर? अनुभवी माणूस आहे मी. दोन वेळचा तरी पाहिजे, आणि दुसऱ्याबरोबर काहीतरी खायला."

भाव वर न्यायची काकांची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. डॉक्टरीणबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "गुडघे कसे आहेत?"

"डावा जरा कुरकुरतो," काकांच्या तोंडून गेलं. "आणि थंडीत उजवाही."

काकूंनी कपाळाला हात लावला.

"मग एकच चहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोन्ही गाड्या टेम्पोतून गेल्या. काकूंनी रात्री जेवणाचं टेबल पुढच्या खोलीत आणलं, त्याला शेजारणीचं दुसरं टेबल जोडलं. सोमवारी नर्सिंग कॉलेजच्या बाई आल्या, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि तागे आत आणायला सांगितले. त्या गेल्यावर काकूंनी पहिला तागा उलगडला. कापड कुठेही न अडता टेबलभर पसरलं, आणि मग त्या खुर्चीवर बसून थोड्या रडल्या.

दिवेलागणीला काका ग्रीसनं माखलेले हात घेऊन घरी आले. फार खुशीत होते.

"काय म्हणतेय गाडी?" काकूंनी विचारलं.

"नुसती उघडून पाहिली, दुरुस्तीला अजून हात लावला नाही. मी आणि डॉक्टर दिवसभर ठरवत होतो, नीट करून विकणं परवडेल का. त्यांचं मत वेगळं, माझं वेगळं. एक-दोन दिवसांत काय ते ठरवूनच टाकतो."

काकूंनी कात्री खाली ठेवली.

"छे हो," त्या मायेनं म्हणाल्या, "घाई कसली आहे? सावकाश ठरवा."