स्वातोप्लुकचं बटण

स्वातोप्लुकला रस्त्याने नेणार, हे कळल्यापासून बुकोव्का स्टेशनात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. ज्याने सगळा जन्म या लाईनीवर कंडक्टरकी केली, त्याला जिल्ह्याच्या इस्पितळातून दाहगृहापर्यंत काळ्या मोटारीत घालून न्यायचं, म्हणजे त्याच्या नोकरीचा धडधडीत अपमान, असं जुन्या रेल्वेवाल्यांचं म्हणणं होतं. पण शवपेटी आगगाडीत घ्यायची सोय सम्राटाच्या काळात होती, ती आता राहिली नव्हती. आता गाडीत सायकल घेतात, कुत्रं घेतात, मेलेला माणूस घेत नाहीत. तेव्हा निदान मयताला जाणाऱ्यांनी तरी गाडीनेच जायचं, असं निवृत्त स्टेशनमास्तर वेंदेलीन यांनी ठरवलं आणि गावभर सांगितलं. फक्त द्राहोमीराला विचारायचं राहून गेलं.

द्राहोमीरा ही स्वातोप्लुकची बायको. तिला विचारलं असतं, तर तिने बसने जाऊ म्हटलं असतं. तिला आगगाडीचा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. इस्पितळात स्वातोप्लुक वारला तेव्हा ती घरी सशांना गवत घालायला आली होती. दुपारच्या गाडीने परत पोचेपर्यंत त्याचा पलंग रिकामा झालेला. निरोपाचे दोन शब्द राहिले ते राहिलेच. आता दाहगृहात शवपेटीसमोर पडदा सरकायच्या आत त्याच्याशी ते बोलून घ्यावेत, एवढंच तिला हवं होतं. आणि तिथला साहेब कडक. प्रत्येक मयताला अर्धा तास, मग पडदा, मग पुढचा माणूस.

"बसने गेलो असतो तर एव्हाना पोचून कॉफी पिऊन झाली असती," तिची नणंद ब्लाझेना फलाटावर कुडकुडत म्हणाली.

"बसने गुरं जातात," मास्तर म्हणाले.

"गुरं ट्रकने जातात, मास्तर. बसला गरम हवा असते."

नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट होतं की गाडी आली ती आधी ऐकू आली, मग दिसली. एकच डबा, त्याच्याच पोटात इंजिन, आणि चालवायला, तिकिटं द्यायला, दारं उघडायला मिळून एकटा रादिम. सगळे पुष्पचक्रं सांभाळत आत शिरले आणि डबा तुडुंब भरला. ही लाईन टाकली होती साखर कारखान्यासाठी. पुढे ज्याची साखर व्हायची ते बीट गेलं, कारखाना गेला, सम्राट तर कधीच गेला होता, लाईन तेवढी मागे उरली. उतारू नाहीत म्हणून प्रांताच्या कचेरीने तिलाही येत्या डिसेंबरपासून मूठमाती द्यायचं ठरवलं होतं.

"दर आठवड्याला असा एक जरी गेला, तरी लाईन वाचेल," मास्तर गर्दीकडे बघत म्हणाले आणि त्यांची नजर एकेका म्हाताऱ्यावरून फिरू लागली. ज्याच्यावर ती थांबे, तो खिडकीबाहेर बघे.

गाडी निघाली तशी आलुबुखाराच्या दारूची बाटली निघाली. स्वातोप्लुकच्या नावाने एकेक घोट झाला, मग आठवणी निघाल्या. त्याने बिशपला विनातिकीट पकडलं होतं. बर्फात गाडी अडकली तेव्हा त्याने उतारूंना रात्रभर पत्त्यांत हरवलं होतं. द्राहोमीरा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं, कारण तो घरी यायचा तो झोपायलाच. हा माणूस आपल्यापेक्षा या लोकांच्याच वाट्याला जास्त आला, असं तिच्या मनात येऊन गेलं आणि तिला त्याचा भयंकर राग आला. मग गेलेल्या माणसावर रागावल्याबद्दल स्वतःचाही आला.

तेवढ्यात खिडकीबाहेरून एक पाटी सावकाश मागे गेली. पाटीवर लिहिलं होतं 'स्मशान'. दाहगृहाचा थांबा तोच. तिथे गाडी मागितल्याशिवाय थांबत नाही. दाराजवळचं लाल बटण दाबायचं, मग थांबते.

सगळ्यांच्या माना पाटीमागे वळल्या.

"बटण कोणी दाबलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

ब्लाझेनाला वाटलं होतं मास्तर दाबतील, एवढे रेल्वेतले. मास्तरांना वाटलं होतं, दाराजवळ उभा आहे तो दाबेल. दाराजवळ लोहार उभा होता. त्याच्या दोन्ही हातांत पुष्पचक्र होतं आणि बटण असतं हेच त्याला माहीत नव्हतं.

"रोज येता-जाता आणि बटण माहीत नाही?" ब्लाझेना त्याच्यावर घसरली. "मग रोज उतरता कसे?"

"गाडी थांबते, मी उतरतो," लोहार म्हणाला.

रादिमने पुढून मान वळवली. "काका दाबायचे ना," तो म्हणाला. "सगळ्यांचं."

मग उलगडा झाला. कंडक्टरची जागा रद्द करून कंपनीने बटणं बसवली, आणि स्वातोप्लुकला घरी पाठवलं. तो घरी गेला नाही. फुकट पास होता, तो घेऊन रोज सकाळी गाडीत दाराशेजारी बसायचा. कोण कुठे उतरतं हे त्याला पाठ होतं, थांबा आला की तो हात लांब करून बटण दाबायचा. त्यामुळे अख्ख्या लाईनीवर बटण दाबायला कोणी शिकलंच नव्हतं. तो इस्पितळात पडल्यापासून गाडी थांबत होती ती फलाटावर चढणारं कोणीतरी उभं असायचं म्हणून, आणि स्मशानाच्या थांब्यावर आज कोणीच उभं नव्हतं. आज तो जागेवर नव्हता, आणि त्याच्याच मयताचा थांबा निघून गेला. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी बसलेली ब्लाझेना हमसून हमसून रडायला लागली. भाऊ गेला हे तिला आत्ता कळलं होतं.

"रादिम, गाडी मागे घे," मास्तर म्हणाले.

"मास्तर, असली विनंती तुम्ही स्टेशनात असताना कोणी केली असती तर?"

"हाकलून दिला असता."

"मग?"

तरी रादिमने वरच्या नियंत्रकाला फोन लावला. नियंत्रकाने कोण गेलं ते विचारलं, मनापासून वाईट वाटल्याचं सांगितलं आणि गाडी मागे घ्यायला नाही म्हणाला.

पुढचं स्टेशन हर्शिन, तिथे लाईन संपते. परतायची वेळ वेळापत्रकात ठरलेली, त्याच्या आधी गाडी हलणार नाही. मास्तरांनी टॅक्सी बोलवा म्हणून फर्मान सोडलं. हर्शिनमध्ये टॅक्सी एकच, आणि तिचा मालक पुष्पचक्र घेऊन त्यांच्याच शेजारी उभा होता. टॅक्सी त्याने बुकोव्का स्टेशनासमोर लावून ठेवली होती, मास्तरांच्या आग्रहापायी. थंडी तर अशी की निम्मी मंडळी समोरच्या बियरच्या दुकानात रम घातलेला चहा घ्यायला घुसली. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांना गोळा करता करता नाकी नऊ आले, कारण आत स्वातोप्लुकच्या नावाने आणखी एक फेरी सुरू झाली होती आणि अर्धवट टाकून उठणं मयताला शोभलं नसतं.

द्राहोमीरा डब्यात एकटीच बसून होती. तिला कोणाचा राग करायचंही सुचत नव्हतं. याही वेळी आपण पोचणार नाही, असं तिला दिसतच होतं.

गाडी सुटली. या खेपेला थांबा चुकवायचा नाही, अशी प्रत्येकाने मनाशी खूणगाठ बांधली होती. हर्शिनचं शेवटचं घर मागे पडलं आणि ब्लाझेनाने बटण दाबलं. तिने नीट दाबलं की नाही, याची शंका येऊन मास्तरांनी दाबलं. लोहाराने आयुष्यात पहिल्यांदा दाबलं, त्याला ते आवडलं, म्हणून पुन्हा दाबलं. मागच्या दाराशी टॅक्सीवाला अंगठा रोवूनच उभा राहिला. पुढे रादिमच्या कानाशी घंटा वाजायची थांबेना. घंटा अशी अडकून बसली की यंत्रणेत बिघाड समजायचा आणि गाडी उभी करून तपासायची, असा नियम. नियम रादिमला स्वातोप्लुकनेच शिकवलेले. त्याने एकेकाळच्या बीटाच्या शेताच्या मधोमध गाडी उभी केली.

"आता काय?" ब्लाझेनाने विचारलं.

"बिघाड आहे," रादिम बटणाची पेटी उघडत म्हणाला.

"बिघाड नाही रे बाबा, आम्हीच दाबतोय."

"मग हात काढा."

टॅक्सीवाल्याने अंगठा काढला, घंटा थांबली. पण एकदा उभी राहिलेली गाडी नियंत्रकाच्या परवानगीशिवाय हलत नाही, आणि नियंत्रक दुसऱ्या फोनवर होता. आम्ही चालत जातो असं मंडळी म्हणाली, तर फलाट नसताना दार उघडायचं नाही. मास्तर तोंड उघडणार होते, पण तो नियम त्यांना रादिमपेक्षाही चांगला ठाऊक होता.

तेवढ्यात त्यांच्याच खिशातला फोन वाजला. दाहगृहाचा साहेब होता. तुमची वेळ सुरू झाली, सभागृहात चिटपाखरू नाही, असं तो तडतडला. मास्तर माफी मागू लागले. पण साहेबाचं पुढचं गाऱ्हाणं ऐकून ते ऐकतच राहिले.

"काय म्हणतो?" ब्लाझेनाने विचारलं.

"म्हणतो, मंडळी उशिरा आलेली बरीच पाहिली. पण मयतच आलं नाही, असं त्याच्या नोकरीत पहिल्यांदा होतंय. आता दुपारी सगळ्यांत शेवटी घेतो म्हणाला."

मग स्वातोप्लुक गेला कुठे, हे कोणाच्याच ध्यानात येईना. तोच पुढच्या काचेवर कोणीतरी मूठ आपटली. काळ्या कोटातला एक माणूस रुळांवरून तणतणत आला होता.

"अहो ड्रायव्हर, काय चेष्टा लावली आहे?" तो खालून ओरडला. "एक तर धुक्यामुळे मला उशीर झालाय, त्यात तुमची गाडी इथे ठाण मांडून बसली, फाटक उघडेना. माझ्याकडे माणूस आहे हो. त्याला वेळ दिलेली आहे."

"कोण माणूस?" रादिमने विचारलं.

"कोणी हॉयसाक म्हणून आहे. स्वातोप्लुक हॉयसाक."

द्राहोमीराने बाहीने काच पुसली. शेतापलीकडे, हाकेच्या अंतरावर, फाटकाचा लाल-पांढरा दांडा आडवा पडला होता. दिवे आळीपाळीने लुकलुकत होते, आणि दांड्यामागे धुक्यात काळी मोटार उभी होती. डब्यातल्या पुरुषांनी टोप्या काढल्या. सगळ्यांनी मिळून स्वातोप्लुकला फाटकात अडकवून ठेवलं होतं.

द्राहोमीराने खिडकीची वरची झडप खाली ओढली. गार हवा आत आली, तरी कोणी तक्रार केली नाही. ती मोटारीकडे बघत हळू आवाजात बोलू लागली. काय बोलली ते कोणी ऐकलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ऐकलं, पण पुढे कधी कोणी बोलून दाखवलं नाही. आठवडाभर तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता ती पोटभर रडली, आणि रडता रडता बोलत राहिली.

नियंत्रकाचा फोन आला. निघायला हरकत नव्हती. रादिम मागे येऊन तिच्याजवळ उभा राहिला.

"काकू, परवानगी मिळाली. आपण पुढे गेल्याशिवाय त्यांचं फाटक उघडणार नाही. निघू या ना?"

"कुठे?"

"दाहगृहात. पोचायचंय ना वेळेवर?"

"तिकडे कोण आहे माझं?" द्राहोमीरा म्हणाली. "माझा माणूस इथे उभा आहे. मला अजून बोलायचंय."

रादिमने घड्याळाकडे पाहिलं. नोकरीला लागल्यापासून त्याने एक मिनिटही कोणाला माफ केलं नव्हतं. मग तो दाराशी गेला, बटणाची पेटी पुन्हा उघडली आणि त्यातली धडधाकट तार बोटाने चाचपत बसला. मास्तर त्याला उजेड धरायला वाकले.

बाहेर काळ्या कोटातला माणूस परत मोटारीत जाऊन भोंगा वाजवत राहिला. आत कोणालाच घाई नव्हती.