अडीच घरं उडालेला राजा

सुपारी फुटायला दुपारचा मुहूर्त होता. स्वयंपाकाला वेळ होता, म्हणून जळोचीच्या मानसिंगरावांनी होणाऱ्या व्याह्यांपुढं बुद्धिबळाचा पट मांडला. तिथंच चूक झाली.

भवानीनगरचे आबासाहेब चाळीस वर्षं देशी डाव खेळत आलेले. मानसिंगराव मोबाईलवर शिकलेले. पहिल्याच चालीला त्यांनी प्यादं दोन घरं सारलं.

"एकच घर, मानसिंगराव. प्यादं पायी चालतंय, मोटरसायकलवर न्हाय."

"सुरुवातीला दोन चालतात, आबासाहेब. जगात सगळीकडं."

"आमच्या भवानीनगरात न्हाय चालत."

इथवर हसणं होतं. पण थोड्या वेळानं आबासाहेबांच्या राजानं घोड्यासारखी अडीच घरं उडी मारली आणि मानसिंगराव उठून उभेच राहिले.

"राजा उडतोय व्हय?"

"डावात एकदा. हक्क हाय त्याचा."

"मग हा आमचा किल्लेकोट!" मानसिंगरावांनी राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवले.

"एका खेपंला दोघं? ही तर चोरी झाली!"

आबासाहेब चपला शोधू लागले. "ज्या घरात राजाला मान न्हाय, तिथली सून नको आपल्याला." नव्या शर्टातला नवरदेव दिग्विजय घामानं भिजला.

बैठकीला आलेले गावातले म्हस्कूतात्या अकरा समित्यांवर होते आणि बुद्धिबळ कधीच खेळले नव्हते, म्हणून सर्वानुमते तेच पंच झाले. त्यांनी निकाल दिला, "ज्यानं त्यानं आपापल्या नियमानं खेळावं." टाळ्या पडल्या.

अर्ध्या तासात मानसिंगरावांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं आणि वजीर झालं.

"ते घोड्याच्या घरात पोचलंय, घोडा घ्या!" आबासाहेब गरजले. "तुमचा पहिला वजीर जिता हाय. एका राजाला दोन वजीर?"

"आमच्या सोसायटीला दोन व्हाईस चेअरमन हायत," तात्या म्हणाले. "त्यातला एक मीच."

आबासाहेब पुन्हा चपलांकडं निघाले. तेवढ्यात, सुरुवातीपासून दारातून डाव बघणाऱ्या आणि आता चहा घेऊन आलेल्या वृषालीनं, म्हणजे नवरीनंच, ट्रे खाली ठेवला.

"आबा, उडीच्या आधी तुमच्या राजाला शह बसला होता. देशी डावात शह बसला की उडी गेली. आणि पप्पा, तुमचा राजा आधीच हलला होता. मग किल्लेकोट कसला?"

मग दोघांनी मिळून सोंगट्या डब्यात भरल्या.

सुपारी फुटली. लग्नाच्या याद्या लिहिताना आबासाहेब हळूच म्हणाले, "आमची एकच अट हाय. सुनेनं घरात बुद्धिबळ खेळायचं न्हाय."

"चालंल, आबा," वृषाली म्हणाली. "तुमी खेळा. मी नुसती शेजारी बसून बघत जाईन."

आबासाहेबांनी अट मागं घेतली.