निळ्या खोलीतला संयम

कॅनडातल्या विनिपेगच्या विद्यापीठात टेसा प्रिस्टुपाचा प्रबंध किती वर्षं रखडला होता, हे विचारायचं धाडस आता तिची आईसुद्धा करत नसे. तो एकदाचा मार्गी लागला, तो निळ्या रंगामुळे.

निळ्या भिंतींनी माणसाचा संयम वाढतो, असं तिचे मार्गदर्शक प्राध्यापक हॅलडॉर्सन यांचं ठाम मत होतं. ते सिद्ध करायचं काम टेसाचं. माणसाला खोलीत एकट्याला बसवायचं, कंटाळा आला की निघून जा म्हणायचं आणि आपण बाहेर घड्याळ घेऊन बसायचं. पांढऱ्या खोलीतले लोक कॉफी निवायच्या आत बाहेर पडत. नव्यानं रंगवलेल्या निळ्या खोलीतला मात्र एकही जण उठेना. तासाभरानं टेसाच दार उघडून त्यांना मोकळं करी.

सर इतके खूश झाले, की त्यांनी थेट अधिष्ठाता बोशांबाईंनाच आकडे बघायला बोलावलं.

"तुम्ही स्वतः बसून पाहिलंय का आत?" बाईंनी विचारलं.

"आत्ता बसतो की," म्हणत सर आत गेले आणि दार लावून घेतलं.

थोड्याच वेळात आतून हँडल खडखडलं. "टेसा, दार उघड."

"आतल्या माणसाशी बोलायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंय, सर."

"अगं, मी प्रयोगात नाहीये."

"प्रयोगातला माणूस असंच म्हणणार," बाई शांतपणे म्हणाल्या.

मग दारावर लाथ बसली आणि टेसानं दार उघडलं. रंगाऱ्यानं काम झाल्यावर हँडल उलटं बसवलं होतं. दार फक्त बाहेरून उघडत होतं.

 टेसानं लगेच आदल्या दिवशी आत बसलेल्या फ्रीसनकाकांना, म्हणजे एका निवृत्त बस ड्रायव्हरला, फोन लावला.

"दार उघडत नव्हतं, पोरी," काका म्हणाले.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तू कामात होतीस ना. आणि वाटलं, माझ्याच हातून बिघडलं असेल. सॉरी हं."

बाकीच्यांनीही हेच सांगितलं आणि वर माफी मागितली.

सकाळपर्यंत सर सावरले होते. "रंग विसर. आपला विषय आता कॅनडाच्या माणसाचं सौजन्य. कोंडलं तरी दार वाजवत नाही तो."

"तुम्ही तर लाथ मारलीत, सर."

"मी जन्मानं अमेरिकन, नॉर्थ डकोटाचा. मला आकड्यांतून वगळ."

टेसानं वगळलं नाही. उलट दुपारी तिनं नॉर्थ डकोटातल्या एका कॉलेजला फोन केला आणि तुमच्याकडे एखाद्या दाराचं हँडल उलटं बसवून मिळेल का, असं अदबीनं विचारायला सुरुवात केली. पलीकडच्या गृहस्थांनी वाक्य पुरं व्हायच्या आतच फोन आपटला.

टेसानं घड्याळात पाहिलं आणि वेळ टिपून घेतली.